सकाळी ताठ, संध्याकाळी मलूल

पुणे, १४ मार्च १९९७

ती. आत्यास,
वृषालीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे मी खुशाल. आमच्या सरांनी शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश करायला घेतलाय आणि मला मदतीला बसवलंय. काम गोड आहे, पण काल एका शब्दाशी अडले. ड्रूप. सरांनी त्यापुढे लिहिलंय, लोंबणे. आत्या, लोंबते ती दोरी. उन्हात फूल काय करतं? दमलेलं पोर आईच्या खांद्यावर काय करतं? तुमच्या रानात याला जे जे म्हणतात ते सगळं लिहून पाठव. शहरात राहून माझे शब्द कुठे गेले कोण जाणे.

मामांची टोमॅटोची लागण झाली का? त्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच वाढता असू दे.

तुझी,
वृषाली


आळे, २६ मार्च १९९७

चि. वृषाली हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

ड्रूप हा शब्द मी मोठ्याने म्हणून बघितला. तोंडात गोळी ठेवून बोलल्यासारखा वाटतो. एवढ्यावर इंग्रज लोक सगळं भागवतात म्हणजे कमालच! आपल्याकडे ज्याचं त्याला आहे बाई. रोप मान टाकतं. फूल कोमेजतं. फळांनी भरलेली फांदी लवते, आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. मांडवाच्या कापडाला झोळ पडतो. बैल कान पाडतो. ताप आलेलं पोर मलूल होतं. माणूस आधी मरगळतो, मग ढेपाळतो, आणि मनातून खचला की गळाठतो. हे तिन्ही एक नव्हेत, सरांना बजावून सांग.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी बांधावरच्या आंब्याखाली बसले होते. वारा पडला होता. टोमॅटोने माना टाकलेल्या, झेंडूने टाकलेल्या, पाटाचं पाणीसुद्धा पेंगत चाललेलं. अशा वेळी मला वाटतं, सगळं रान झोपलंय आणि मी त्याच्या स्वप्नात बसलेय. उठावंसं वाटत नाही.

माझीही डावी पापणी हल्ली संध्याकाळी खाली येते. मामा म्हणतात, या वयात डोळा काय मारतेस! आणि एक गंमत ऐक. होळीच्या संध्याकाळी मला चंद्र दोन दिसले, एकाच्या खांद्यावर दुसरा टेकलेला. इतकं सुरेख दिसत होतं की मी कुणाला न सांगता बघतच बसले.

आजीच्या वेळचे शब्द आठवले की धाडीन. पोटभर जेवत जा.

तुझी,
गोजरआत्या


पुणे, १ एप्रिल १९९७

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

तुझे शब्द सरांनी दोनदा वाचले आणि लोंबणे खोडलं. पण मला त्या दोन चंद्रांनी झोप येऊ दिली नाही. सुरेख कसले, आत्या? दुसरं काही दमतं का तुझं? चालताना, बोलताना, जेवताना? मामांना सांगून डॉक्टरला दाखव आणि खरं खरं कळव. मला गोड पत्र नको, खरं हवं.

काळजीत असलेली,
वृषाली


आळे, १० एप्रिल १९९७

चि. वृषाली हिस आशीर्वाद.

दाखवलं बरं डॉक्टरला! पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रात्रभर छान झोपून पहिल्या गाडीने फाट्यावर गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही पापण्या शिपायासारख्या ताठ. चंद्राचं मी काढलंच नाही, उगाच हसतील. टॉनिक घेऊन परत आले.

तू विचारलंस म्हणून सांगते. अर्धी भाकरी चावली की जबडा थकतो, म्हणून उरलेली दुधात कुस्करते. फार बोललं की आवाज नाकात जातो. शेजारची साळुबाई म्हणते, तुला शहरी आवाज आला.

पण तू भिऊ नकोस. आपल्यात पहिल्यापासून सांगतात, रोपाने दुपारी मान टाकली तर खुशाल टाकू द्यावी, पाण्याला धावू नये. सकाळी ताठ दिसलं की मूळ शाबूत. सकाळीच मान पडलेली असेल, तर मात्र उपटून मूळ बघावं. मी रोज सकाळी आरशात बघते. मी ताठ असते. माझं मूळ शाबूत आहे.

तुझी,
आत्या


पुणे, १६ एप्रिल १९९७

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

सरांच्या बहीण इशरतताई इथल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर आहेत. त्यांना मी तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. आरशाचं ऐकताना त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

रोपाचा नियम रोपाला, आत्या. ताईंना ज्या आजाराचा संशय आहे, त्यात स्नायू कामाने थकतात आणि विसाव्याने परत येतात. सकाळी ताठ, संध्याकाळी पडलेली, हीच तर त्याची खूण! तू डॉक्टरकडे गेलीस तेही झोप काढून, तुझ्या सगळ्यात चांगल्या वेळी. ताई म्हणाल्या की ते जबड्यापर्यंत, आवाजापर्यंत आलंय, उद्या गिळण्यापर्यंत आणि श्वासापर्यंत जाईल. औषध आहे, पण थांबायला वेळ नाही.

तू ये. दुपारच्या गाडीने ये, दमून ये, पापणी पडलेली घेऊन ये. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास. मला अजून तू हवी आहेस. मला फार भीती वाटते.

तुझी,
वृषाली


आळे, १९ एप्रिल

चि. वृषालीस कुंडलिकमामाचा आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या अमृतच्या हाती धाडतो, त्यो आज पुण्याला निघालाय. काल जेवताना तुज्या आत्याला पाणी गिळंना. नाकातून आलं, ठसका लागला, थोडा येळ श्वास घेता येईना. लई भ्यालो. ती मातर मला म्हनती, तुमी रडू नका. तुजं पत्र परत वाचून घेतलं आन आपनच पिशवी भरली. आज पैशाची जुळनी करतो आन उद्या दुपारच्या गाडीनं निघतो. शिवाजीनगरला उभी ऱ्हा. मला तिथलं काय बी कळत न्हाई.

तुजा,
मामा


आळे, २० मे १९९७

चि. वृषाली हिस उदंड आशीर्वाद.

घरी येऊन आठवडा झाला. गोळ्या वेळेवर घेते. इशरतताईंना सांग, आजार मुळासकट जाणार नाही हे माझ्या ध्यानात आहे. त्यांनी नको म्हटलेलं एकही औषध घेत नाही. दुपारी आडवी होते, आणि आता रान माझ्यावाचून झोपतं.

पहिल्या गोळीनंतर पापणी कधी उचलली ते मला कळलंच नव्हतं. ते तुझ्या तोंडाकडे बघून कळलं. तुझ्या कोशात ड्रूपच्या उलट काय लिहाल? आम्ही म्हणतो, रोप तरारलं. सरांना आवडला तर घ्या, नाहीतर माझ्यापाशी राहू द्या.

काल दुपारी बाजरीची भाकरी केली, चांगली खरपूस. दूध घेतलं नाही. नुसत्या ठेच्याशी घास घास चावत गेले आणि बघते तर ताटात भाकरी उरलीच नव्हती. मामा समोर बसले होते. त्यांच्या ताटाला हात लागलेला नव्हता. मी म्हटलं, तुम्ही का थांबलात, जेवा की. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, तू आजून एक घे आदी.

मी घेतली.

तुझी,
गोजरआत्या