डागाला शेपूट नसतं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, व्यवसाय पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला भाचा दोनदा येऊन गेला, त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. मागच्या मृत्युपत्रात सगळं त्याच्या नावे केलं होतं. ते आजपासून रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि एक गळका नळ, धाकट्या बहिणीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. भाच्याची आई म्हणून नव्हे, माझी बहीण म्हणून. तिने ते पोराच्या घशात घालू नये. घालेलच, मी तिला ओळखून आहे.

कलम दोन. लोखंडी शिकंजा, दाभण, सुया, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि खळ शिजवायचं पातेलं शेजारच्या चपला शिवणाऱ्याला. दाभण कसं धरायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. पातेल्यात मात्र भाजी करू नये. किडीसाठी खळीत मोरचूद घालत आले, ते पातेलं आता जेवणाच्या कामाचं नाही.

कलम तीन. भाचा. याला काय द्यायचं ते सांगण्याआधी, का, ते लिहिते.

बालवाचनालयाने जुन्या चित्रगोष्टींची दोन कपाटं काढून टाकायला घेतली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं, "कोण सांभाळेल हो ही?" मी म्हटलं, "माझ्या भाच्याला द्या. पुस्तकांत वाढलाय." माझ्या शब्दावर बाईंनी कपाटं दिली. त्या दिवट्याने कटिंग मशीनवर एकेका पुस्तकाचा कणा उडवला, पानं स्कॅनरमध्ये कोंबली आणि नंतर रद्दीत घातली. त्या पुस्तकांना माझ्या हातचे टाके होते.

"मावशी, चित्रकार मरून शंभर वर्षं झाली. कुणाचा हक्क उरला नाही. सगळ्यांची आहेत ती आता," हे त्याचं उत्तर. अरे, सगळ्यांची आहेत म्हणून तर जपायची! याने त्यांचे पोस्टर केले, टॉवेल केले. कोपऱ्यात चित्रकाराची दोन बारीक अक्षरं असायची, ती पुसून तिथे स्वतःचं नाव टाकलं. परवा दाताच्या डॉक्टरकडे गेले, तर संडासात कमोडच्या वर चहा पिणारा बेडूक! मला शिसारी आली. दात न दाखवताच घरी आले.

तो बेडूक ज्यातला, ते पुस्तक माझं विशेष लाडकं. पिंजऱ्यात कोंडलेल्या मुलीची गोष्ट, बारा रंगीत चित्रं. प्रत्येक चित्रात नखाएवढा तपकिरी उंदीर लपलेला. तो शोधायला पोरं पानाला नाक लावून बसायची. शेवटच्या चित्रात तोच किल्ली घेऊन येतो आणि मुलगी सुटते. भाच्याच्या पोस्टरात उंदीर नाही. एकातही नाही. किल्ली हवेत तरंगते आहे.

मी विचारलं, "उंदीर कुठाय?"

"डाग होते ते, मावशी. जुन्या कागदाला पडतात. मशीनने काढले."

"गाढवा, डागाला शेपूट असतं का?"

तर हसला. म्हणे, "कोण बघतंय एवढं!" त्या हसण्याची मला आजही किळस येते. आणि माझीही येते, कारण शिफारस माझी होती.

तेव्हा भाच्याला माझं भिंग द्यावं. बाकी काही नाही.

कलम चार, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या पुस्तकाची एक प्रत माझ्या पेटीत आहे, नव्या आवृत्तीच्या बांधणीच्या वेळी छापखान्याने मला दिलेली. उंदीर उरलेत ते तिच्यातच. भाचा घिरट्या घालतो तो याच प्रतीसाठी. वाचनालयाच्या प्रतींत नवव्या चित्रावर, मुलीच्या थेट तोंडावर, जांभळा ठसा होता. तो काढताना मशीनने तिला उकडलेल्या बटाट्यासारखा चेहरा दिला, म्हणून याचा बारा पोस्टरांचा संच अडलाय. माझी प्रत कोरी आहे. हाती लागली की कणा उडालाच म्हणून समजा.

तो ठसा ग्रंथपाल बाईंचा. नव्या बांधणीची पुस्तकं मी हौसेने नेऊन दिली, आणि बाईंनी माझ्यासमोर दाण्‌कन ठसा हाणला. मी ओरडले, "अहो बाई, मागच्या बाजूला मारा की!" तर म्हणाल्या, "मागे मारला तर चित्र फाडून भिंतीला लावतात. तोंडावर मारला की कुणी लावत नाही." मी त्यांना अडाणी म्हटलं, आणि पुढे अकरा वर्षं बोलले नाही. बाई, चूक माझी होती. कपाटांच्या बाबतीतही माझीच.

म्हणून ही प्रत ग्रंथपाल बाईंना, वाचनालयासाठी. ती खालच्या फळीवर ठेवावी, पोरांचा हात पोहोचेल अशी. फाटली तर खळीने चिकटवावी; चिकटपट्टी लावणाऱ्याचं कधी भलं होणार नाही. आणि फळीवर ठेवण्याआधी बाईंनी आपला तो जुना ठसा काढावा, शाईत चांगला बुडवावा आणि बाराही चित्रांवर मारावा. मुलीच्या, बेडकाच्या, सगळ्यांच्या तोंडावर. हात आखडू नये.

फक्त उंदराला लागू देऊ नका, बाई.

वरील सर्व मी लिहिलं, दोनदा वाचलं, एक शब्दही मवाळ करावासा वाटला नाही.

सही: बांधणीवाली
साक्षीदार: चष्मेवाला (सगळं वाचून मगच सही केली)
साक्षीदार: निवृत्त पोस्टमन (न वाचता केली, त्याची सवय)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: सतरा, गुरुवार, खळ उतरवल्यावर