माधुरीच्या लग्नाची फिल्म, पेंटियमवर

१४ जून १९९८, रविवार
माधुरीच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं, एडिटिंगही मीच करणार. आमचे केडगावचे शूटिंगवाले कारभारी म्हणाले, दोन व्हीसीआर जोडून एका दुपारी कॅसेट तयार करून देतो. मी नुसता हसलो. एकुलत्या बहिणीचं लग्न, आणि व्हीसीआर? कॉम्प्युटर घेणार. जावई मिलिटरीत आहेत, १६ ऑगस्टला दोघं आसामला निघतील. दोन महिने. भरपूर झाले.

२१ जून
दादांनी विचारलं, लग्नात त्रिसरण म्हणून झाल्यावर मी माईकवर बोललो ते येणार का. वडील जन्मात पहिल्यांदाच चारचौघांत बोललेत. "तेवढं दिसलं म्हंजी झालं," म्हणाले. त्यांना सांगितलं, क्लायमॅक्सच तुमचा.

२८ जून
नगरला जाऊन कॉम्प्युटर आणला. दुकानदार म्हणत होता, व्हिडिओ करायचाय तर हार्ड डिस्क मोठी घ्या. विकणारा असंच बोलणार. मी या विषयावरची मासिकं वाचलीत (दोन). पेंटियम टू, उंच कॅबिनेट, दणदणीत स्पीकर. हार्ड डिस्क दोन जीबी. सुप्याला आमच्या कंपनीच्या अख्ख्या स्टॉकचा हिशेब चार फ्लॉप्यांत मावतो!

५ जुलै
कॅसेटवरचं कॉम्प्युटरमध्ये घ्यायला वेगळं कार्ड लागतं म्हणे. दुकानदाराने सांगायला नको? शुभांगी म्हणते, सांगितलं होतं, दोनदा. बायको दुकानात नेऊ नये.

१२ जुलै
कार्ड बसवलं. हळदीतच डिस्क भरली.

१९ जुलै
चित्राचा दर्जा कमी केला. जागा वाचली. आईने पडद्याजवळ जाऊन विचारलं, ही पिवळी बाई कोण. माधुरी होती. आईला चष्मा लागलाय बहुतेक.

२ ऑगस्ट
आवाज मागे राहतो. दादांचे ओठ मिटले की भाषण सुरू होतं. दादा म्हणाले, "लई घाई केली व्हय मी?" हो म्हटलं.

९ ऑगस्ट
हळद, मिरवणूक, जेवणं, सगळं काढलं. फिल्म म्हणजे फक्त दादांचं भाषण, अकरा मिनिटं. कलात्मक निर्णय आहे. आता कॅसेटवर उतरवायची. शुभांगी नवी कॅसेट आणते म्हणाली. कशाला? मूळ शूटिंगची आहेच की. माल कॉम्प्युटरमध्ये आला, ती आता रिकामीच समजायची. रेकॉर्ड दाबून बाजारात गेलो. आलो तोवर कॅसेट भरली होती, कॉम्प्युटर मात्र हँग.

१३ ऑगस्ट
कॉम्प्युटर चालूच होईना. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं. काळजी नाही, फिल्म कॅसेटवर आहे.

१६ ऑगस्ट, सकाळी
माधुरी-जावई आले. सगळे टीव्हीपुढे बसले. दादा इस्त्रीचा सदरा घालून. कॅसेट लावली. पडद्यावर दादा, तोंड उघडं, नाकावर माउसचा बाण. हलेनात. पुढे पळवली. दादा तसेच. शेवटपर्यंत तसेच.
दादा म्हणाले, "बोलतो का न्हाई मी?"
मी रॅमचं समजावून सांगायला लागलो. कोणी ऐकेना. मग दादाच उठले, टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले आणि माधुरीकडे बघत सगळं पुन्हा बोलले. चार ओळी विसरले, दोन नव्या घातल्या. माधुरी ढसाढसा रडली. जावईसुद्धा. मी कॅमेरा घ्यायला धावलो. बॅटरी चार्ज नव्हती. तरी चांगला अँगल पाहून उभा राहिलो.
आई म्हणाली, "बाजूला सर. त्यांचं तोंड दिसंना."

दुपारी
माधुरी-जावई गेले. कॅसेट नेली नाही.