पॅक आज संपतोय

निधी,

माझा फोन ओट्यावर, तांदळाच्या डब्यामागे चार्जिंगला लावलाय. बंद करू नकोस, डेटा चालू राहू दे. अंधेरीच्या ऑफिसात बसून तुझ्या दादाला मी कांदिवलीत घरातच दिसले पाहिजे. त्यावर रील बघत बसू नकोस गं. रोजचा दीड जीबी संपला की नकाशावरचा माझा ठिपका अडकतो, आणि लगेच त्याचा फोन येतो.

एक वाजता माझ्या फोनवरून त्याला मिस्ड कॉल दे, दोनच रिंग. जेवले की मी तसाच देते. त्याचा फोन आला तर उचलू नकोस. आईंना सांग, वहिनी दळण आणायला गेलीय.

कुठे जातेय ते मुद्दाम लिहीत नाही. माझं मनगट बघूनही तू काही विचारलं नाहीस, म्हणून तुलाच लिहितेय. वाचून फाडून टाक.

आजच का, तर माझा पॅक आज संपतोय. चार वर्षं तुझा दादा दोन दिवस आधीच रिचार्ज मारतो, एकदाही चुकला नाही. सकाळी मी आठवण करून दिली. त्याने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाला, "आता कशाला?"

वहिनी