डोळ्यांवर डबा बांधून दिलेली भूल

तीर्थरूप आबाकाकांच्या पायांशी पुतण्या सर्वेशचा नागपुराहून दंडवत. फोन केला की तुम्ही ‘आवाज येणा नाय’ म्हणून ठेवून देता, म्हणून हा कागद. पित्ताचे खडे मजेत असतील, तुम्ही कसे आहात ते कळवा.

ऑपरेशनसाठी देवाला कौल लावलात, पाकळी डावीकडे पडली म्हणजे देव नाही म्हणाला, आणि आता भुलीतून उठलोच नाही तर काय, असं मला विचारता. (देवानंतर मीच, कारण इस्पितळात कामाला!) तर ऐका. मी लादी पुसतो त्या खोलीत भुलीचे डॉक्टर तयार होतात. खोलीत पेशंट नाही, औषध नाही. डोळ्यांवर काळा डबा बांधायचा आणि रापण ओढल्यासारखे हवेत हात चालवायचे. (रापणीत निदान बांगडा तरी लागतो.) डब्यात म्हणे सिनेमासारखा खोटा पेशंट दिसतो, त्याच्या घशात श्वासाची नळी घालायची. एवढे शिकलेले लोक भिंतीवर आपटू नयेत म्हणून कमरेला धरायला सातवी नापास माणूस ठेवलाय. तो मी.

परवा मोठ्या सरांनी गमतीने डबा माझ्याच डोळ्यांवर चढवला. बघतो तर खाटेवर एक बाप्या निळा पडत चाललेला! सर ओरडतात, “अरे, मॉनिटर बघ!” मी म्हटलं, “आधी माणूस बघा ओ!” आणि आपल्याकडे फीट आल्यावर करतात तशी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. ती लागली सरांच्या नाकाला. (पेशंट गेला. सर मात्र चांगलेच जागे झाले.) असल्या खेळावर शिकलेल्यांच्या हातात कोण गळा देईल?

तुमचा,
सर्वेश

ता. क. वाचून दाखवताना चंद्रावतीकाकीने इथे थांबू नये.

आणखी ता. क. इथल्या योगिनी डॉक्टरांना मी तुमचं सांगून बसलो. मान आखूड, पुढचे दात हलतात, चोरून बिडी. (काकीला आता कळलं, इलाज नाही.) त्यांनी डब्यात तसाच, नळी घालायला अवघड पेशंट मांडला आणि सुट्टी झाल्यावरही सराव करत राहिल्या, कमरेला मी. पहिल्या दिवशी तुम्ही मेलात. दुसऱ्या दिवशीही मेलात, बाई रडायच्याच बाकी होत्या. मी म्हटलं, “आमचो काको हट्टी आसा, सोडू नका.” काल तुम्ही डोळे उघडलेत. तर बिडी टाका आणि वैभववाडीला गाडीत बसून इथे बाईंकडे ऑपरेशनला या. उशीर केलात तर बाई पुन्हा सरावाला बसतील, आणि तुम्हाला परत मरताना बघायची माझी छाती नाही.