दादाचं इंजिन आणि माझा हंडा

रहाटणी, रविवार. दसरा होऊन आठवडा झाला. १९५६

आजही वांग्यांना पाणी मीच घातलं. विहिरीवरून हंडा वाहून वाहून कंबरडं मोडलं. दसऱ्यापासून पाण्याचं इंजिन बंद, आणि माझा थोरला भाऊ रोज ते खोलतो, रोज जोडतो. दर वेळी एखादा नट उरतोच. विचारलं की म्हणतो, "जास्तीचा आसंल." जास्तीचा! बनवणारे काय खुळे होते?

संध्याकाळी हंडा टेकवला आणि वैतागून इंजिन हवा ओढतं त्या नळीत बोट घातलं. दादानं सगळं खोललं होतं, तेवढी नळी सोडून. आतून झेंडू निघाला, तेलानं काळा झालेला. खंडेनवमीला आईनं विळ्या-कोयत्यांबरोबर इंजिनही पुजलं होतं. फूल खोचायला तिला नेमकं तेच भोक सापडावं?

दादानं हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. लगेच आईला हाक, "बघ, केलं का न्हाई दुरुस्त?" आणि माझं बोट? ते कोण बघतंय!

वाफे भिजल्यावर इंजिन थांबवलं. आई हळदकुंकू घेऊन आली. "देव पावला," म्हणाली आणि ताजा झेंडू त्याच नळीत खोचला. मी काढायला गेले तर माझ्याच हातावर चापट. "वाहिलेलं फूल काढू न्हाई गं!" दादा शेजारी हात जोडून उभा.

हंडा घरी आणलाच नाही. विहिरीवरच ठेवलाय. सकाळी लागेलच.