दोन म्हशींच्या ओळी

माय, मी बोलून राह्यली अन् नात लिहून राह्यली. तिच्या ऑफिसात कम्प्युटरवर रोजच्या नोंदींची लांबच लांब रांग मोडून आडवी मांडतात म्हणे. एकेकाची एकेक ओळ, दिवसाले एक घर. फार शिकावं लागते म्हणते. मी म्हटलं, माझी माय हे काम शेणाच्या भिंतीवरून करत होती, तिले पगार कोणी दिला नाही.

नवं महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. धार काढली की तू भिंतीवर ओल्या शेणाचा बोटभर पट्टा ओढून त्यात दाणे दाबायची. आपल्या दोन म्हशी, भुरी अन् काळी. भुरीच्या दुधाच्या एकेका लोट्याले एक तूर, काळीच्या लोट्याले एक हरभरा, दिवस सरला की एक सरकी. सगळी एकच रांग, भिंतभर. कोंबड्या हाकलायचं काम माझं; तेवढ्यासाठीच मले जन्माले घातलं असं वाटे. त्या साली कडबा सरत आला, अन् एक म्हैस खामगावच्या बाजारात न्यायची ठरली. बा रांगेच्या शेवटावर बोट ठेवून म्हणे, "तूर कमी झाली. भुरी म्हातारी झाली, तिलेच काढू." तू उठली. भिंतीकडं पाहत पाहत अंगणात दाणे मांडत गेली. वर भुरी, खाली काळी, दिवसाखाली तोच दिवस. मधे एक घर दोन्ही ओळींत रिकामं सोडलं.

"काऊन वो, इथं जागा काऊन सोडली? सरकव ना दाणे," बा म्हणे.

"राहू द्या. त्या दिवशी धार काढली नाही कोणी."

त्या दिवशी आपला लहाना, माझा भाऊ, गेला होता. भिंतीवर त्या दिवसाची खूणच नव्हती, सरकीही नाही, रांग तशीच पुढं चालत गेली होती. बा उकिडवा बसून पाहत राह्यला. भुरीचं दूध त्या रिकाम्या घरानंतर एकदम तुटलं होतं, अन् आता परत चढत होतं. काळी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आटत आली होती. "काळीच जाऊ दे मंग," तो म्हणे. तू दाणे गोळा केले, पाखडले, अन् संध्याकाळी आम्ही भुरीच्या तुरीचं वरण खाल्लं.

तू रडली नाही. तू गेली तेव्हा मलेही रडू आलं नाही. बाया म्हणे, दगड आहे. नुसतं बधिर वाटत होतं, अजूनही तसंच आहे. नातीची मशीन रिकाम्या घरात 'माहीत नाही' असं लिहिते म्हणे. तुले तर माहीत होतं.

हे पत्र टाकायचं नाही. टाकून तरी काय, तू माझ्यापेक्षा एक अक्षरही जास्त शिकली नव्हती. फक्त एवढं सांगते, कोणाले सांगितलं नाही आजवर. लहान्याचा चेहरा मले आठवत नाही. दोन्ही म्हशींचे आठवतात.