लगद्याच्या टोपल्या

२ डिसेंबर, सोमवार
आले बाई एकदाची चाकणला! परभणीहून एक ट्रंक, एक गादी आणि ही डायरी. कंपनीच्या मागेच खोली मिळाली. साहेबांनी चक्क ‘तनुजा मॅडम’ म्हटलं! पहिलंच काम: मागच्या शेडमध्ये छताला टेकलेल्या जुन्या गोपनीय फायली नष्ट करायच्या. आत डोकावायचं नाही, भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत, आणि कागद कातरणारी एजन्सी महाग म्हणून खर्चही करायचा नाही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये! मला आईचा उद्योग आठवला. कागद भिजवायचे, मेथ्या घालून मळायचे आणि लगद्याच्या टोपल्या थापायच्या. साहेब खूश. महिनाअखेर शेड रिकामी झाली तर मला कायम करणार आहेत.

४ डिसेंबर, बुधवार
फायली टाकीत भिजत घातल्या. झाडूकामाच्या अंबूबाई, इथल्याच जुन्या गावच्या, मदतीला येतात. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. खोलीवर गेलं की कुकरच्या शिट्टीचीसुद्धा सोबत वाटते. आईला मात्र फोनवर सांगते, खूप मैत्रिणी झाल्यात.

६ डिसेंबर, शुक्रवार
अंबूबाई काम सोडून गेल्या. भिजलेल्या फायलीत त्यांना एक फोटो दिसला. त्यांचा दीर भिमाजी. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये त्याचा हात गेला, कंपनीनं कबूलच केलं नाही. म्हणाल्या, ह्या समद्या हात गेलेल्या पोरांच्या फायली हाईत, यात तू हात घालू नगं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, म्हणूनच लवकर उरका.
मला ही नोकरी हवीय. एकटीच मळतेय.

१० डिसेंबर, मंगळवार
वाळलेल्या टोपल्यांवर बोटांचे ठसे. माझेच असणार. पण माझी बोटं इतकी जाड नाहीत—

११ डिसेंबर
मळताना लगद्यात कुणीतरी माझ्या बोटांत बोटं गुंफली. किंचाळायला हवं होतं. किंचाळले नाही. घर सोडल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता. उबदार होता. खूप रडले.

१२ डिसेंबर, गुरुवार
इथली साप्ताहिक सुट्टी. मशीनं गप्प. कशाला आले मी? काम नव्हतंच आज. नुसतं भेटायला—

उजवा हात कोपरापर्यंत आत. सोडत नाहीत. डायरी टाकीच्या कठड्यावर, डाव्यानं लिहितेय. हाका मारल्या. वॉचमन लांब, गेटवर—

ऊब गेली. आवळतायत. हळूहळू, वरून खाली, मशीन दाबतं तसं—

खूप जण आहेत. आता डावाही मागतायत. तो दिला तर लिहू कशानं—